विमानाचे टेबल : किंमत किती आणि मोल किती?

मागच्या शनिवारी रात्री, शब्बाथ सुटल्यावर, आम्ही लोदला आमच्या एका जुन्या शेजाऱ्यांच्या घरी गेलो होतो. दिवाणखान्यात पाऊल टाकले आणि पाहतो तो काय, खोलीच्या मधोमध विमानाच्या पंखाचा एक तुकडा आडवा मांडलेला! आरशासारखा चकचकीत, कडेने रिव्हिटांची रांग, खाली पोलादी पाय आणि वर जाड काच. काचेवर चहाचे कप आणि चिवड्याची बशी.

"सलोनसाठी नवीन टेबल घेतलंय, अंकल. खऱ्या विमानाचं आहे. सर्टिफिकेटसुद्धा मिळालं," घरचा मुलगा म्हणाला. किंमतही त्याने आपण होऊन सांगितली. ती आम्ही येथे छापत नाही. एवढेच सांगतो, की तेवढ्या पैशांत लग्नाच्या हॉलचे निम्मे बिल भागले असते.

त्याची आई स्वयंपाकघरात एका बुटक्या पाटावर बसून खोबरे खोवत होती. तिथूनच तिने आवाज दिला, "भाऊ, तुम्ही मासिकात लिहिता ना? मग लिहा एकदा, भंगाराला इतके पैसे द्यावेत का ते!" मुलगा हसून म्हणाला, "आई, तुझा पाटही विमानाचाच आहे. पण त्याला अल्ते-झाखेनवाला पाच शेकेलही देणार नाही."

दोघांचेही म्हणणे आम्ही ऐकून घेतले आणि लिहिण्याचे कबूल केले. नाटकावर, पुस्तकावर, गाण्याच्या कार्यक्रमावर या पानांत टीका-परीक्षण येते. मग घरात येऊन बसलेल्या टेबलावर का येऊ नये? टेबलही कोणीतरी रचलेली वस्तूच आहे.

प्रथम हा माल येतो कोठून ते पाहू. प्रवासी विमान वीस-पंचवीस वर्षे उडून थकले, की त्याला वाळवंटातल्या एखाद्या तळावर नेऊन उभे करतात आणि सोडवायला घेतात. त्यात खरा पैसा असतो तो इंजिनांत, चाकांच्या सांगाड्यात आणि चालकाच्या खोलीतल्या उपकरणांत. हे भाग तपासून, दुरुस्त करून दुसऱ्या विमानांना लावतात. उरतो तो नुसता सांगाडा. तो चिरून, चुरा करून ॲल्युमिनियमच्या भावाने वजनावर जातो. भावही शुद्ध धातूचा मिळत नाही, कारण विमानाच्या पत्र्यात कोठे तांबे, कोठे जस्त मिसळलेले असते आणि ते वेगळे करणे कटकटीचे काम आहे. थोडक्यात सांगायचे, तर पंखाचा पत्रा हा विमानाच्या मढ्यावरचा सर्वांत स्वस्त भाग. मुलाच्या सलोनमध्ये तोच सर्वांत महाग वस्तू होऊन बसला आहे. मधल्या वाटेवर त्याला काय चिकटले, हाच आमच्या परीक्षणाचा प्रश्न.

हा धंदा नवा असला तरी अगदी कालचा नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसरातील मोटोआर्ट ही मंडळी २००१ सालापासून विमानाच्या भागांची मेजे, खुर्च्या आणि शोभेच्या वस्तू बनवीत आली आहेत. पुढे २०२० साली कोरोनाची साथ आली, आकाश ओस पडले आणि कंपन्यांनी आपली मोठी विमाने मुदतीआधीच मोडीत काढली. ब्रिटिश एअरवेजने त्या जुलैत आपली सर्वच्या सर्व ३१ जंबो विमाने निवृत्त केल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी सप्टेंबरात ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने जंबो विमानांतल्या एक हजार खाण्यापिण्याच्या ढकलगाड्या विकायला काढल्या, आणि त्या काही तासांतच संपल्या. अर्ध्या गाडीची किंमत होती ९७४.७० ऑस्ट्रेलियन डॉलर. ७४७ हा आकडा किमतीत कसा बेमालूम बसवला आहे, हे वाचकांनी पाहावे! ऑक्टोबर २०२२ मध्ये एअरबसने फ्रान्समध्ये तूलूझला ए-३८० विमानाच्या सुमारे पाचशे वस्तूंचा लिलाव केला. घरात बसावे लागलेल्या लोकांना प्रवासाची आठवण विकत हवी होती, हे त्यात उघड दिसते.

आता वस्तूंकडे वळू. आमची कसोटी साधी आहे. मुंबईत आपल्या पूर्वजांपैकी कित्येकांनी सुतारकीवर पोट भरले. ते जी कसोटी लावीत तीच आमची : बसणाऱ्याला बसता यावे, ठेवणाऱ्याला ठेवता यावे, आणि कोपरा लागून कोणाचे धोतर फाटू नये.

ढकलगाडी या कसोटीला उत्तम उतरते. रुंदी जेमतेम तीस सेंटिमीटर, उंची मीटरभराहून थोडी अधिक, खाली चाके, चाकांना पायाने दाबायचा ब्रेक, आत सरकते खण. विमानातही ती कपाटाचेच काम करीत होती आणि आमच्या अरुंद शिकूनच्या स्वयंपाकघरातही तेच करील. तिला वेष बदलावा लागत नाही.

खिडकीचा आरसा करतात, तो ठीक. पण त्यात तोंड पाहायला वाकावे लागते, म्हणून निम्मे गुण.

खुर्चीचे काय? विमानाची खुर्ची ही इंजिनिअरिंगची कमाल आहे. अपघातात सोळापट भाराचा हिसका बसला तरी ती जागची हलू नये, अशी तिची परीक्षा घेतात. पण तिचे पाय जमिनीतल्या रुळांना जखडण्यासाठी असतात, स्वतःच्या बळावर उभे राहण्यासाठी नसतात. घरी आणल्यावर तिला खाली लोखंडी चौकट द्यावी लागते. शिवाय आमच्यासारखी साधी माणसे विमानात ज्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन आठ तास बसतात, तीच पुन्हा पैसे देऊन घरी आणण्यात काय सुख, हे आम्हांस अजून कळलेले नाही.

राहता राहिले पंखाचे टेबल. पंखाची पाठ फुगीर असते, कारण त्या फुगवट्यावरच विमान उचलले जाते. टेबलाला मात्र सपाटी लागते. म्हणून वर काच टाकणे आले. म्हणजे कप पेलते काच, काचेला पेलतात पोलादी पाय, आणि मधला पंख काही न करता दोघांच्या मध्ये पडून राहतो. लग्नात मिरवणाऱ्या पाहुण्यासारखी त्याची गत. ज्याने एके काळी कित्येक टनांचा भार हवेत तोलून धरला, त्याला आता चिवड्याची बशीही पेलायला मिळत नाही. टेबल म्हणून आम्ही त्याला नापास करतो.

मुलाच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या टेबलाच्या किमतीत मजुरीचा वाटा खरा आहे. विमानाचा रंग काढणे सोपे नाही. जुन्या विमानांच्या आतल्या हिरवट-पिवळ्या अस्तरात क्रोमेट असते, ते विषारी. तोंडाला नुसता रुमाल बांधून ते घासणाऱ्याने आपल्याच छातीशी वैर मांडले म्हणून समजावे. मग तो पत्रा टप्प्याटप्प्याने घासत, पॉलिश करीत आरशासारखा करायचा, ह्यात कित्येक दिवस जातात. (कोणी घरच्या घरी असा उद्योग करू पाहत असेल, तर त्याने आमचे ऐकून हात आवरावा.) मजुरी वजा केली, धातू वजा केला, तरी किमतीचा मोठा हिस्सा उरतो. तो सर्टिफिकेटाचा. विमानाचा क्रमांक, जात, कंपनी, कोणत्या वर्षी उडाले, कोणत्या वर्षी थांबले, एवढा मजकूर. मुलाने पैसे मोजले ते मुख्यत्वे या कागदासाठी.

विमानाचे सामान घरात येण्याची आणखी एक कहाणी आहे. ती या टेबलाशेजारी ठेवून पाहिली म्हणजे फरक चटकन कळतो. १९४० साली जर्मन विमाने इंग्लंडवर चालून येत होती, तेव्हा तिथले विमान-उत्पादन मंत्री लॉर्ड बीव्हरब्रुक यांनी गृहिणींना हाक दिली, की घरातली ॲल्युमिनियमची भांडी द्या, आम्ही त्यांची विमाने करू. बायकांनी पातेली, किटल्या ढिगांनी आणून दिल्या. लढाई संपली तेव्हा उलटा प्रकार झाला. विमाने ढिगांनी पडली होती आणि घरांत बसायला खुर्ची नव्हती. लाकूड परवान्याशिवाय मिळत नसे. अशा वेळी १९४५ साली अर्नेस्ट रेस नावाच्या रचनाकाराने नोएल जॉर्डन या इंजिनिअराला बरोबर घेऊन विमानांचे मोडीत निघालेले ॲल्युमिनियम वितळवून, ओतून एक खुर्ची केली. 'बीए' खुर्ची या नावाने ती ओळखली जाते. हा रेस तरुणपणी, १९३७ साली, मद्रासला आपल्या मिशनरी आत्याकडे येऊन गेला होता आणि तिच्या विणकामकेंद्रातले हातमागाचे कापड लंडनला दुकान काढून विकत होता. काटकसरीच्या साधनांत देखणेपणा कसा आणावा, हे त्याने तिथेही पाहिले असेल.

त्या खुर्चीचे पाय वरून खाली निमुळते होत जातात. जिथे भार अधिक तिथे धातू अधिक, जिथे भार कमी तिथे कमी. हा विमान बांधणाऱ्यांचाच हिशेब. १९४६ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातल्या मोठ्या प्रदर्शनात ती मांडली गेली आणि पुढच्या वीसेक वर्षांत अडीच लाखांहून अधिक खपली. त्यासाठी सुमारे ८५० टन भंगार लागले. तिच्यावर बसणाऱ्याला हे विमान होते असे सांगितल्याशिवाय कळत नसे. तसेच तिथल्या विमानाच्या कारखान्यांनी १९४५ ते १९४८ या काळात सुमारे ५४ हजार ॲल्युमिनियमची तयार घरे काढली, चार तुकड्यांत, लॉरीवर घालून नेता येतील अशी. ती दहा वर्षांच्या बोलीवर बांधली, आणि लोक त्यांत त्याहून कितीतरी अधिक काळ नांदले. पन्नासच्या सुरुवातीला इथे येऊन माबारात आणि पत्र्याच्या पाखोनमध्ये राहिलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना त्या घरांची कल्पना करायला वेळ लागणार नाही.

रेसच्या खुर्चीत विमान वितळून गेले आणि खुर्ची उरली. मुलाच्या टेबलात टेबल वितळून गेले आणि विमान उरले. गरजेने केलेली वस्तू आणि हौसेने घेतलेली वस्तू यांत असा भेद असतो. हौस वाईट नव्हे. पण हौसेने गरजेचे भाव मागू नयेत.

इथे मुलाने आम्हाला अडवले. तो म्हणाला, "अंकल, तुम्ही टेबल बघताय. मी बाबांना बघतो. याच जातीच्या विमानांवर बाबांनी आयुष्य काढलं." यावर आम्ही गप्प बसलो, कारण हे म्हणणे हलके नव्हते.

सुज्ञ वाचकांना सांगायला नको, की लोद आणि रामला येथे स्थायिक झालेल्या आपल्या पुष्कळ लोकांची चूल विमान-उद्योगावर पेटली. १९५३ साली लोदच्या विमानतळावर 'बेदेक' या नावाने दुरुस्तीचा कारखाना निघाला. तोच पुढे वाढून सरकारी विमान-उद्योग झाला. मुंबईच्या रेल्वे वर्कशॉपात आणि गोदीत हात बसलेल्या आमच्या मिस्त्री मंडळींना हिब्रू येत नव्हती, पण पत्रा वाचता येत होता. या घरचे वडील त्यांतलेच. सारी गल्ली त्यांना मिस्त्रीकाका म्हणे. रिव्हिट ठोकायला दोन माणसे लागतात, हे आम्हाला त्यांनीच सांगितले. एक जण बाहेरून बंदूक लावतो, दुसरा आत शिरून पलीकडून लोखंडी ठोकळा दाबून धरतो. आतला माणूस कोणाला दिसत नाही. काका बारीक अंगाचे, म्हणून ते बहुधा आतले.

'बेदेक' हा शब्द कोठून आला ते येथे आठवावे. दुसऱ्या राजे या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात योआश राजाने देवाच्या घराची पडझड दुरुस्त करवल्याची हकिकत आहे. तिथे पडझडीला हाच शब्द आहे. यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली. लोकांनी टाकलेला पैसा सुतारांना, गवंड्यांना, लाकडाला आणि दगडाला गेला. त्या पैशातून चांदीचे प्याले किंवा कर्णे केले नाहीत. आणि कारागिरांकडून हिशेब मागितला नाही, कारण ते इमानाने काम करीत होते. आधी घर सावरावे, मग चांदी मिरवावी, हा क्रम तिथे स्पष्ट आहे. किमतीची चर्चा करताना आम्हाला याहून चांगला आधार सापडला नाही.

मुलाचे सर्टिफिकेट आम्ही पुन्हा मागून वाचले. त्यात विमान आहे, कंपनी आहे, वर्षे आहेत. पण आत शिरून ठोकळा धरणारा कोणीच नाही. मुलाला जी आठवण हवी होती, नेमकी तीच त्या कागदावर नाही. शिवाय हा पंख काकांच्या हाताखालून गेला होता असेही कोणी म्हणत नाही. विमानाची जात तेवढी एक. हे म्हणजे आपल्या आजोबांचा फोटो नाही म्हणून त्यांच्या पलटणीतल्या दुसऱ्याच शिपायाचा फोटो भिंतीवर लावण्यासारखे झाले.

वस्तूचे मोल तिच्यावर काय घडले त्यावर ठरते, हे आपल्याला या देशात आल्यावर फार लवकर कळले. निघताना मुंबईचे सागवानी पलंग, आरशाचे कपाट, आजीचा पाळणा मिळेल त्या भावाने विकला. इथे उतरल्यावर सोखनुतने लोखंडी खाट दिली, अंगाला रुतणारी. त्या खाटेला आपण किती नावे ठेवली! आज त्याच सोखनुतच्या खाटा रंग लावून, गाद्या घालून जुन्या जमान्याची शोभा म्हणून विकल्या जातात. ज्यांनी त्यांवर कधी पाठ टेकली नाही ते त्या विकत घेतात, आणि ज्यांनी टेकली त्यांनी केव्हाच अल्ते-झाखेनवाल्याला देऊन टाकल्या.

विमानाच्या फर्निचराचा विषय निघाला म्हणजे आम्हाला १९९१ सालचा मे महिना आठवतो. इथिओपियातल्या बांधवांना आणण्यासाठी त्या वेळी सुमारे छत्तीस तासांत १४ हजारांहून अधिक माणसे विमानांनी उचलली. जागा व्हावी म्हणून विमानांतल्या खुर्च्या काढून टाकल्या होत्या. एल आलच्या एका जंबो विमानात १,०८८ माणसे आली, असे गिनेसच्या नोंदीत आहे, आणि त्यांत वाटेत जन्मलेली दोन बाळे धरली आहेत. त्या दिवशी त्या विमानाचे मोल त्यातल्या फर्निचरामुळे नव्हते. फर्निचर काढल्यामुळे होते. त्या प्रवाशांपैकी कित्येक कुटुंबे आज आपल्याच शेजारी राहतात. त्यांना विमानाची खुर्ची कोणी शोभेची म्हणून विकायला आणली, तर ती काय म्हणतील?

आता त्या पाटाविषयी. काकूंनी खोबरे आटोपल्यावर आम्ही तो पाट उचलून दिव्याखाली धरला. भंगारातला पत्रा काकांनी रीतसर पावती करून विकत घेतला होता. आमच्या अंदाजाने ताटाएवढा एक तुकडा. चारी कडा आत दुमडलेल्या, म्हणजे मांडीला लागू नयेत. खाली दोन आडव्या पट्ट्या, रिव्हिटांनी बसवलेल्या. रिव्हिटांतले अंतर आम्ही बोटाने मोजले, एकसारखे. माथी वरून सपाट बसवली आहेत, हाताला लागतसुद्धा नाहीत. एका कोपऱ्यात पत्रा किंचित दबला आहे. "तिथं खोवणी टेकते," काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षं टेकते आहे." दर रोश हशानाला चिकाच्या हलव्याचे खोबरे याच पाटावर खोवले गेले. रिव्हिटाला दोन माणसे लागतात हे आम्हाला माहीत होते, म्हणून विचारले, की घरी पलीकडून ठोकळा कोणी धरला? काकूंनी मुलाकडे बोट दाखवले. "हा धरायचा. नऊ-दहा वर्षांचा असेल. हात थरथरायचा, आणि बाबा ओरडायचे." मुलगा हे विसरला होता. तो पाट हातात घेऊन खालची रांग पाहत राहिला. एक रिव्हिट जरा तिरके आहे, ते त्याला लगेच सापडले.

तेव्हा आमचा निकाल असा. ढकलगाडी जरूर घ्यावी, परवडत असेल तर. खिडकीचा आरसा लहान मुलांना द्यावा. विमानाची खुर्ची कोणी फुकट देत असेल तरच. पंखाचे टेबल पाहायला सुंदर आहे, ते करणाऱ्याच्या मेहनतीला आमचा नमस्कार. पण ते टेबल म्हणून लंगडे आहे, आणि आठवण म्हणून परक्याचे आहे. जे घेतले ते घेतले, आता ते मोडून टाका असे आम्ही म्हणत नाही. त्यावर चहा पिताना काकांची गोष्ट निघत असेल, तर तेवढे पैसे वसूल झाले असे समजावे. पाटाला बाजारात किंमत नाही, हे मुलाचे म्हणणे खरे आहे. बाजाराला तो विचारूच नये.

वाचकांना एक विनंती आहे. आपल्या घरोघरी अशा वस्तू पडून आहेत : कोणी डब्याला झाकण केले, कोणी मेनोराची बैठक केली, कोणी नातवाला विमान करून दिले. करणारे हात एकेक करून थांबत आहेत. घर बदलताना, आवराआवर करताना ह्या वस्तू रस्त्यावरच्या भोंग्याला देण्याआधी त्या उलट्या करून पाहाव्यात, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, की हे कोणी केले आणि पलीकडून कोणी धरले. उत्तर एका चिठ्ठीवर लिहून वस्तूच्या खालच्या बाजूला चिकटवावे. मराठीत लिहा, हिब्रूत लिहा, नातवंडांना वाचता येईल त्या लिपीत लिहा.

आम्ही निघालो तेव्हा काकूंनी पाट मागितला, भांडी घासायला बसायचे होते. मुलगा म्हणाला, "थांब जरा," आणि पेन शोधायला आत गेला.